एक वाइड लेन्स आणि बाकीची मालमत्ता

मी, श्रीमती विजयश्री हिंदुराव शेवाळे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा फोटोग्राफी व कॅलेंडर छपाई, राहणार शाहूनगर, चिंचवड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती लोकांना नको वाटावी इतकी चांगली आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी दबाव टाकून पाहिला, त्यांना काय अनुभव आला ते त्यांनाच विचारावं. डिसेंबरात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, तेव्हा वकील मोनिका यांनी कागदपत्रं नीट करून ठेवा असं सुचवलं. मला मरायची घाई नाही. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून व्हायचं आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. भाषा कायदेशीर असावी आणि मजकूर थोडक्यात असावा, असं मोनिकाबाईंचं म्हणणं होतं. त्यातलं पहिलं जमेल तेवढं पाळलं आहे. घरादारावरून आणि दागिन्यांवरून आमच्यात वाद नाहीत. वाद होता तो एका वाइड लेन्सचा, म्हणजे डोंगर आणि समुद्र मोठ्या कोनात टिपणाऱ्या लेन्सचा. तो कलम सहामध्ये येईल. घाई असणाऱ्यांनी सरळ तिथे जावं, पण मग बाकीच्या कलमांवर सही करताना कुरकुर करू नये.

कलम १. शाहूनगर येथील दोन खोल्यांचं घर, वरच्या गच्चीसह, माझा एकुलता एक मुलगा धनेश याला मिळावं. धनेश चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि पिंपळे सौदागरला मोठ्या सोसायटीत राहतो. त्यामुळे तो या घरात राहायला येईल अशी माझी अपेक्षा नाही. विकायचं असेल तर खुशाल विकावं. मात्र जिन्याखाली जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे आहेत. ते रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येक वर्षाचं एकेक काढून ठेवावं.

कलम २. बँकेतील ठेवी आणि माझे दागिने सून वर्षाली हिला मिळावेत. या घरात मला तोंडावर खरं सांगणारी ती एकटीच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला पवनेच्या खोऱ्याचा फोटो कौतुकाने दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली की छान आहे, पण यात बघायचं काय ते कळत नाही. त्या दिवशी मला तिचा राग आला होता. नंतर फोटो पुन्हा पाहिला तर एवढ्या मोठ्या कोनात मी सगळं खोरं कोंबलं होतं आणि नजर टिकावी असं कुठेच काही नव्हतं. मोत्याची नथही तिलाच द्यावी. ती घालत नाही हे मला माहीत आहे.

कलम ३. माझे पती कै. हिंदुराव यांची हत्यारपेटी, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी वगैरे सर्व, श्री. भिवा सोनकांबळे यांना द्यावी. हे पाटणकडचे, भिवाभाऊ लातूरकडचे. भोसरीच्या एका कंपनीत दोघं टूलरूममध्ये शेजारच्या मशीनवर उभे राहिले आणि निवृत्त होईपर्यंत डबा एकत्र खाल्ला. यांच्या आजारपणात भिवाभाऊ दवाखान्यात आमच्या सख्ख्या माणसांपेक्षा जास्त बसले. हे इथे लिहिल्याने सख्ख्या माणसांना राग येणार असेल तर येऊ द्यावा.

कॅलेंडरचा धंदाही यांच्यामुळेच सुरू झाला. लग्नानंतर मी चिंचवडच्या एका स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायला जात असे. हळूहळू पासपोर्ट फोटो काढू लागले, मग मालकाचा कॅमेरा रविवारी मागून घेऊ लागले. एकदा हे जेवताना म्हणाले की माझ्या मशीनसमोर नुसती भिंत आहे, सगळी शिफ्ट मी भिंत बघतो, तिथे लावायला काहीतरी लांबवरचं दे. मी दापोलीकडे काढलेला समुद्राचा फोटो मोठा करून खाली तारखा छापून दिल्या. फोरमनने एक मागितलं, मालकाने सगळ्यांसाठी मागितली आणि दिवाळीत मिठाईच्या बॉक्सबरोबर ती वाटली. तेव्हापासून भोसरी, चिखली, चाकणच्या लहान लहान वर्कशॉपना मी कॅलेंडरं करून देते. सहा महिने डोंगर, सहा महिने समुद्र. कामगार ती गावी नेतात. भिवाभाऊंच्या आईने जन्मात समुद्र पाहिला नाही, पण औशाजवळच्या त्यांच्या घरात चुलीच्या वर आंजर्ल्याचा किनारा होता. तो बघून म्हातारी विचारायची की हे पाणी कोणाच्या शेताला जातं. हे ऐकलं की मला आजही या धंद्याचा अभिमान वाटतो.

कलम ४. भोसरीच्या प्रेसशॉपचे मालक श्री. चिमाजीशेठ यांची स्टीलची फूटपट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती त्यांना परत करावी. एका वर्षी मी नवीन, फार मोठ्या कोनाची लेन्स घेतली होती. कॅलेंडरमध्ये खालचा भाग तारखांना आणि कंपनीच्या नावाला सोडावा लागतो, म्हणून क्षितिज मी नेहमी वरच्या बाजूला घेते. या लेन्सने ते मधोमध फुगवलं. फोटो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण आमच्या भागात प्रत्येकाच्या खिशात फूटपट्टी असते. चिमाजीशेठनी ती भिंतीवरच्या जानेवारीला लावली आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "बाई, तुमच्या समुद्राला प्वाट आलंय. आमी असला माल वाटत न्हाई." आठवड्याभरात त्या गल्लीतल्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये माझा समुद्र मोजून झाला. जगात दुसऱ्या कुठल्याही गावी लोकांनी कॅलेंडर भिंतीवरून उतरवून त्याची सरळता तपासली नसती. मी रागाने ती फूटपट्टी उचलून आणली आणि त्यानंतर चिमाजीशेठशी कामापलीकडे बोलले नाही. त्या फूटपट्टीने मी तेव्हापासून प्रत्येक लेन्सचं क्षितिज तपासत आले आहे. चिमाजीशेठचं म्हणणं बरोबर होतं, हे त्यांना माझ्या मृत्यूनंतरच सांगावं, आधी नाही.

कलम ५. माझे सर्व फोटो, निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क धनेशला मिळाव्यात. धनेशचे स्वतःचे लहानपणीचे फोटो त्यात फार थोडे आहेत. तो स्थिर उभा राहत नसे.

कलम ६. लेन्स.

गेल्या दिवाळीनंतर आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर एका लाटेने माझा ट्रायपॉड आडवा केला. कॅमेरा आणि लेन्स दोन्ही खाऱ्या पाण्यात गेले. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि न बोलता पुन्हा झाकण लावलं. नवीन लेन्स घ्यायची तर ती बसवायला कॅमेरा हवा, आणि दोन्ही नवीन घेणं या वयात मला पटेना. माझ्यापुढे दोन होते. एक धनेशचा, बोनसमधून हौसेने घेतलेला आणि बहुतेक काळ कपाटात असलेला. दुसरा भिवाभाऊंच्या मुलीचा, दीक्षाचा, जुना घेतलेला. दोन्ही कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे, एकाची लेन्स दुसऱ्याला बसत नाही. म्हणजे मी ज्याच्या कॅमेऱ्याची लेन्स घेणार, कॅलेंडर त्याच्याकडे जाणार. हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. वर्षालीने दोघांना एकेक घ्या असं सुचवलं. दोन लेन्स म्हणजे दोन कॅलेंडरं, हे तिला मला समजावून सांगावं लागलं.

दीक्षा ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकली आणि चाकणला क्वालिटी विभागात लागली. आमच्याकडे कारखाने गुरुवारी बंद असतात. गेली काही वर्षं तिचे बहुतेक गुरुवार माझ्याबरोबर गेले आहेत, कधी तिकोन्याच्या पायथ्याशी, कधी दिवेआगरला. भिवाभाऊंची माझ्याकडे एकच मागणी होती, "वहिनी, पोरीला कंपनी सोड म्हणू नका, एवढं बघा." मी तसं कधी म्हटलं नाही. पण माझा स्टेंट झाल्यावर भेटायला आली तेव्हा तिने सांगितलं की ती कॅमेरा विकायला काढते आहे, मोबाइलवर जाहिरातही टाकली आहे. मी कारण विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, कॅलेंडर तुमच्या घरातलं आहे. मी किती दिवस ट्रायपॉड धरायचा?"

ती गेली तर माझ्यानंतर कॅलेंडर संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तिच्या कॅमेऱ्याची लेन्स घेतली तर पोटच्या मुलाला बाजूला सारल्यासारखं होणार होतं. दवाखान्यातून आल्यावर माझी झोप उडाली ती हृदयामुळे नव्हे, यामुळे.

इकडे धनेशने लेन्स निवडण्याचं काम स्वतःहून हाती घेतलं. खरेदी विभागात पुरवठादारांना जसे मार्क देतात, तसे त्याने लेन्सना दिले. कोन किती मोठा, काच किती मोठी, अंधारात किती प्रकाश घेते, वॉरंटी किती. साहजिकच सगळ्यात रुंद, सगळ्यात जड आणि सगळ्यात महाग लेन्स पहिली आली. मी म्हटलं की मार्कांवर सून आणत नाहीत, लेन्सही आणू नये, आधी भाड्याने आणून वापरून बघू. पुण्यात लेन्सही दिवसाच्या भाड्याने मिळतात. धनेशच्या कॅमेऱ्याला त्याची पहिली आलेली लेन्स आणली. दीक्षाच्या कॅमेऱ्याला मी सांगितलेली मध्यम आणली, जिच्यात रुंदी जरा कमी, वजन बेताचं आणि पुढे फिल्टर बसतो. गुरुवारी धनेशने रजा घेतली आणि आम्ही तिघं ताम्हिणी उतरून हरिहरेश्वरला गेलो.

दुपार कलली तसं खडकांवर काम सुरू झालं. धनेशच्या लेन्सची काच पुढे इतकी फुगलेली की तिला फिल्टर बसेना. लाटेचे तुषार त्या काचेवरच येत होते आणि तो दर फोटोनंतर रुमाल शोधत होता. सूर्य कोपऱ्यात आला की फोटोत ठिपके पडत. रुंदी तर एवढी की डोंगर, देऊळ, आभाळ, ट्रायपॉडचा पाय आणि धनेशचा बूट, सगळं आलं. समुद्र मात्र ताटातल्या मिठाएवढा. त्याने दोन-तीन जागा बदलल्या, मग कॅमेरा तसाच ठेवून दीक्षा काय करते ते बघत बसला.

दीक्षाने आधी कॅमेऱ्याच्या पडद्यावर खाली चिकटपट्टीचा तुकडा लावला, तारखांची जागा म्हणून. मग ती जवळजवळ जमिनीला टेकून एका खड्ड्याजवळ बसली, ज्यात मागच्या लाटेचं पाणी साचलं होतं. फिल्टर लावला, म्हणजे उजेड कमी होऊन शटर जास्त वेळ उघडं ठेवता येईल आणि पाणी मऊ दिसेल. आणि लाट परत फिरायची वाट बघत राहिली. धनेशने जवळ जाऊन विचारलं की एवढी रुंद लेन्स असून माझा समुद्र लहान का येतो.

"दादा, लेन्स किती रुंद आहे ते आधी सोडा," ती म्हणाली. "पायाशी काय आहे ते बघा. जवळ काहीच नसलं तर लांबचं अजूनच लांब जातं."

त्याने वाकून तिच्या पडद्यात बघितलं. त्यात समोरचा खड्डा, त्यात आभाळ, त्यातून एक पाण्याची वाट थेट समुद्रापर्यंत गेलेली. तारखांची जागा मोकळी.

परत येताना टपरीवर चहा घेतला. दीक्षा ट्रायपॉडवरचं मीठ पुसत गाडीशी उभी होती. धनेश मला म्हणाला, "आई, हिच्या कॅमेऱ्याला बसेल ती घे."

मी विचारलं की आणि तुझं काय.

"मला लेन्स नकोच होती. तू कोणाच्या कॅमेऱ्याची घेतेस, तेवढंच बघायचं होतं."

हे तो माझ्याकडे न बघता बोलला. चाळिशीला आलेला, हाताखाली माणसं असलेला माझा मुलगा, आणि त्याला असं वाटत होतं. मी त्याला सांगितलं, "तू माझा मुलगा आहेस, त्यासाठी तुला लेन्स लागत नाही. कॅलेंडर हे काम आहे. ते दर गुरुवारी जो जातो त्याचं." चहा संपवून त्याने दोन्ही कप कचऱ्यात टाकले. मग म्हणाला की छपाईवाला तुला दरवर्षी फसवतो, यापुढे त्याच्याशी आणि कंपन्यांशी बोलणी मी करणार. धनेशच्या भाषेत याला होकार म्हणतात.

पुढच्या आठवड्यात लेन्स घेतली. दुकानदाराशी घासाघीस धनेशने केली आणि ती इतकी मनापासून केली की दुकानदाराने शेवटी लेन्सबरोबर काच पुसायची कापडंही दिली.

यापुढे जो कोणी या कॅलेंडरसाठी लेन्स घेईल, त्याने माझं एवढं ऐकावं. समुद्रावर फोटो ट्रायपॉडवरून काढायचे असतात, तेव्हा अंधारात प्रकाश ओढणाऱ्या मोठ्या काचेसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. फिल्टर बसत नाही ती लेन्स समुद्रावर नेऊ नये. मात्र पाण्यावरची चकाकी घालवणारा फिल्टर मोठ्या कोनावर जपून वापरावा, निम्मं आभाळ काळं आणि निम्मं फिकं येतं. क्षितिज वर ठेवून एक फोटो काढावा आणि त्यावर पट्टी लावून बघावी, आपण लावली नाही तर भोसरीत कोणीतरी लावणारच आहे. आणि लेन्स हातात घेऊन तासभर चालून बघावं, कारण जी जड होते ती घरी राहते.

कलम ७. माझ्यानंतर हार घालायला जो फोटो लावाल तो वाइड लेन्सने काढलेला नसावा. जवळून नाक मोठं येतं. वर्षालीने गच्चीवर मोबाइलमध्ये काढलेला आहे, हसतानाचा, तो चालेल. दहाव्याला आलेल्या माणसांना जेवण पोटभर द्यावं आणि माझ्या फोटोंवर भाषण कोणी करू नये.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी धनेशने करावी. कॅलेंडरचा धंदा या मालमत्तेत धरलेला नाही. फोटो दीक्षाने काढावेत आणि व्यवहार धनेशने बघावा असं दोघांनी माझ्यासमोर ठरवलं आहे. भिवाभाऊ त्या वेळी हजर होते आणि नोकरी सुटत नाही याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली.

आता शेवटची बाब. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात कलम सहाखाली मी लिहिलं होतं की सदर लेन्स माझ्या मृत्यूनंतर दीक्षा भिवा सोनकांबळे हिला मिळावी. साक्षीदार म्हणूनही मी तिचंच नाव दिलं होतं. मोनिकाबाई म्हणाल्या की हे दोन्ही एकदम नको, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, पुढे कोणी बोट दाखवतं. मला एक काहीतरी निवडायला सांगितलं. मी घरी आले, मसुद्यातलं ते वाक्य खोडलं, दीक्षाला बोलावलं आणि धनेशला सांगितलं की तूच दे. त्याने खोका तिच्या हातात ठेवला. तिने लेन्स कॅमेऱ्याला बसवली, एकदा फिरवून कट्ट आवाज ऐकला, मग मोबाइल काढून कॅमेरा विकायची जाहिरात माझ्यासमोर पुसून टाकली. तिचे डोळे भरले होते, माझेही. हा धंदा पुढे चालणार, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सबब लेन्स आता माझी मालमत्ता राहिलेली नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहिला आहे. खाली सही करते ती दोन्ही साक्षीदारांच्या देखत, आणि त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत. सह्या भराभर उरकाव्यात अशी विनंती केली होती. धनेशने गाडी बाहेर काढून ठेवली आहे आणि ऊन उतरायच्या आत पवनेवर पोचायचं आहे.

ठिकाण: चिंचवड
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

लिहून ठेवणार:
विजयश्री हिंदुराव शेवाळे (सही)

साक्षीदार:

१. डॉ. स्वरूपा काळोखे, राहणार चिंचवड (सही)
लिहून ठेवणार यांना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीवर असून मला चहा घेतल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

२. दीक्षा भिवा सोनकांबळे, राहणार चिखली (सही)
या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.